लेखकाला नेमके काय पटवायचे आहे? तर्कशक्तीच्या प्रश्नांतील निष्कर्ष ओळखताना

उतारा पूर्ण समजला होता, एकही शब्द अडला नव्हता, आणि तरीही उत्तर चुकले, ही तक्रार तर्कशक्तीच्या प्रश्नांबाबत जितकी ऐकू येते तितकी गणिताबाबत येत नाही. गणित चुकले तर कोणत्या पायरीवर चुकले ते शोधता येते. 'वरील युक्तिवादाचा मुख्य निष्कर्ष कोणता?' हा प्रश्न चुकला की मात्र विद्यार्थ्याला वाटते, परीक्षकाचे मत वेगळे पडले आणि माझे वेगळे पडले, त्यात शिकण्यासारखे काय आहे? शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते शिकवले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

या प्रश्नाचे महत्त्व अलीकडे वाढलेही आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २००८ पासून होणाऱ्या 'क्लॅट' परीक्षेचे स्वरूप २०२० मध्ये बदलले आणि तर्कशक्तीच्या विभागातही लांब उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारले जाऊ लागले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश हवा असणाऱ्यांना याच परीक्षेला बसावे लागते. तिकडे अमेरिकेत विधी महाविद्यालयांसाठी घेतल्या जाणाऱ्या 'एलसॅट' परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला; आता गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन विभाग युक्तिवादांवरच असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून असलेल्या 'सीसॅट' पेपरमध्येही उताऱ्यातील मुख्य मुद्दा विचारला जातो. परीक्षा वेगवेगळ्या असल्या तरी गोंधळाचे मूळ एकच आहे: निष्कर्ष म्हणजे काय, हेच आपल्या मनात स्पष्ट नसते.

युक्तिवाद म्हणजे काय

सकाळी घरातून निघताना आई म्हणते, "छत्री घेऊन जा. आभाळ भरून आले आहे आणि तुला यायला आज उशीर होणार आहे." या तीन विधानांत एक विधान असे आहे, जे ऐकणाऱ्याने मान्य करावे अशी आईची इच्छा आहे. उरलेली दोन विधाने ते मान्य व्हावे म्हणून सांगितलेली आहेत. आभाळ भरले आहे हे खिडकीतून दिसते, उशीर होणार हे आपणच रात्री सांगितलेले असते. वाद होण्याची शक्यता आहे ती फक्त छत्रीबद्दल.

जे पटवायचे आहे त्याला निष्कर्ष म्हणतात. ते पटावे म्हणून जी कारणे दिली जातात त्यांना तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आधारविधाने म्हणतात. या लेखात त्यांना नुसते 'आधार' म्हणू. आधार आणि निष्कर्ष मिळून युक्तिवाद होतो. एवढ्या तीन शब्दांवर पुढचे सगळे उभे आहे. यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी की 'आधार' किंवा 'निष्कर्ष' ही त्या वाक्याची स्वतःची जात नव्हे. 'आभाळ भरून आले आहे' हे विधान वरच्या बोलण्यात आधार आहे. पण कोणी "वारा पडला आहे, उकाडा वाढला आहे, त्याअर्थी आभाळ भरून आले असणार" असे म्हणाले, तर तेच विधान निष्कर्ष होते. मामा हा कोणाचा तरी मामा असतो, तसाच निष्कर्ष हा कोणत्या तरी आधारांचा निष्कर्ष असतो. म्हणूनच एकेक वाक्य सुटे वाचून, 'हे महत्त्वाचे दिसते' असे ठरवून उत्तर सापडत नाही.

सारांश नव्हे आणि तात्पर्यही नव्हे

मराठी शाळेत वाढलेल्या वाचकाला इथे एक जुनी सवय आडवी येते. उतारा दिला की त्याचा सारांश लिहायचा, त्याला शीर्षक द्यायचे आणि गोष्ट असेल तर शेवटी तात्पर्य सांगायचे, असे आपण लहानपणापासून करत आलो. या सवयी वाईट नाहीत, पण त्या वेगळ्या कामाच्या आहेत. सारांशात उताऱ्यातील सगळ्याच गोष्टींना थोडी थोडी जागा द्यावी लागते. निष्कर्षात फक्त एका दाव्याला जागा असते. तात्पर्य हे बहुधा गोष्टीच्या बाहेरचे असते, वाचकाने स्वतः काढायचे असते. निष्कर्ष मात्र लेखकाने स्वतः उताऱ्यात मांडलेला असतो. शीर्षक विषय सांगते, आणि विषय म्हणजे दावा नव्हे. 'शहरातील वाहतूक कोंडी' हा विषय झाला; वाहतूक कोंडीबद्दल लेखकाचे म्हणणे काय, हा निष्कर्ष.

तात्पर्याच्या सवयीतून आणखी एक समज पक्का होतो, तो म्हणजे महत्त्वाचे ते शेवटी येते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, गोष्टीत बोध शेवटी येतो, अर्जात विनंती शेवटी येते. मग निष्कर्षही शेवटच्या ओळीत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. म्हणून निष्कर्ष पुष्कळदा पहिल्या वाक्यात किंवा मध्येच कुठेतरी ठेवलेला असतो आणि शेवटी एखादा ठसठशीत आधार येतो.

आपल्या परंपरेत याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच अवयवांचे वाक्य सांगितले आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण असे: डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर आहे, हा हेतू, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण, या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. पहिले आणि पाचवे अंग पाहा. दोन्हींत म्हणणे एकच आहे. सुरुवातीला ते सिद्ध करायचे म्हणून मांडले, शेवटी सिद्ध झाले म्हणून पुन्हा सांगितले. निष्कर्षाची जागा ठरलेली नसते, आधाराशी असलेले त्याचे नाते ठरलेले असते, ही गोष्ट या रचनेइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. परीक्षेतील उतारा बहुधा प्रतिज्ञा तरी ठेवतो किंवा निगमन तरी. दोन्ही ठेवण्याइतकी उदारता तो दाखवत नाही.

'म्हणून' लावून पाहणे

नाते ओळखण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय अगदी साधा आहे. ज्या दोन विधानांबद्दल शंका आहे ती घ्यावीत, त्यांच्यामध्ये 'म्हणून' घालावे आणि दोन्ही दिशांनी वाचावे. एका दिशेने वाक्य सरळ लागते, दुसऱ्या दिशेने ते अडखळते. पुढचा उतारा पाहू.

'तालुक्याच्या ग्रंथालयाने संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवावी. ग्रंथालय सहा वाजता बंद होते आणि नोकरी करणारा माणूस घरी पोहोचतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. म्हणजे नोकरदार वाचकांना सध्या ग्रंथालयाचा उपयोगच करता येत नाही.'

घाईत वाचणाऱ्याला शेवटचे वाक्य निष्कर्ष वाटते. ते शेवटी आहे, त्याच्या आरंभी 'म्हणजे' आहे, आणि त्याच्या आधी त्याचे कारणही दिलेले आहे. पण ते वाक्य पहिल्या वाक्याशेजारी ठेवून पाहा. 'नोकरदारांना उपयोग करता येत नाही, म्हणून वेळ वाढवावी' हे नीट लागते. 'वेळ वाढवावी, म्हणून नोकरदारांना उपयोग करता येत नाही' याला काही अर्थ राहत नाही. याचा अर्थ शेवटचे वाक्य पहिल्याला टेकू देते आहे. मुख्य निष्कर्ष पहिलाच.

मग त्या शेवटच्या वाक्याला काय म्हणायचे? ते सहा आणि सातच्या हिशेबातून निघाले आहे आणि स्वतः पुढे वेळ वाढवण्याच्या मागणीला आधार देते आहे. जिन्याच्या मधल्या चौकासारखे त्याचे स्थान आहे: खालून वर येताना तिथे पोहोचतो, पण थांबत नाही. याला उपनिष्कर्ष म्हणतात. माझ्या पाहण्यात या प्रश्नांत सर्वाधिक गुण जातात ते या मधल्या चौकावर थांबल्यामुळे, कारण उपनिष्कर्षात निष्कर्षाची सगळी लक्षणे असतात, फक्त तो शेवटचा नसतो. तेव्हा एखादे विधान निष्कर्षासारखे वाटले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: हे सांगून लेखकाला आणखी काही पटवायचे आहे का? उत्तर 'हो' असेल तर अजून एक जिना चढायचा आहे.

सूचक शब्दांवर किती विश्वास ठेवावा

शिकवणी वर्गांत सूचक शब्दांची यादी पाठ करून घेतली जाते: म्हणून, त्यामुळे, यावरून, सारांश, तेव्हा हे शब्द आले की पुढे निष्कर्ष, कारण, कारण की, ज्याअर्थी हे शब्द आले की पुढे आधार. यादी उपयोगी आहे यात शंका नाही. सरकारी अधिसूचनेतील 'ज्याअर्थी… त्याअर्थी…' ही जोडी तर आधार आणि निष्कर्ष यांचा सांगाडाच उघडा करून दाखवते. पण यादी म्हणजे समज नव्हे, आणि मराठीतच याचे पुरावे भरपूर आहेत. 'सबब अर्ज मंजूर करावा' यात 'सबब' निष्कर्ष आणते, आणि 'त्याने आजारपणाची सबब सांगितली' यात तोच शब्द कारणाचा अर्थ देतो, तोही लंगड्या कारणाचा. 'म्हणून' हा शब्द तर आणखी फिरता आहे. 'येतो म्हणून सांगून गेला' यात कसलाही निष्कर्ष नाही, 'भाऊ म्हणून एक गृहस्थ होते' यातही नाही.

इंग्रजी उताऱ्यांत हीच अडचण वेगळ्या शब्दांनी येते. 'सिन्स' हा शब्द कधी 'कारण' या अर्थी असतो तर कधी 'पासून' या अर्थी. 'फॉर' हा वाक्याच्या मध्ये आला तर बहुधा 'कारण' असतो, आणि ते पुष्कळांच्या नजरेतून सुटते. 'आफ्टर ऑल' वाचताना काहीतरी शेवटचे सांगितले जात आहे असे वाटते, पण त्याच्यामागोमाग हमखास आधार येतो, आणि निष्कर्ष त्याच्या लगेच आधी होऊन गेलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अवघड प्रश्नांत मुख्य निष्कर्षाला असा शब्द बहुधा लावलेलाच नसतो, आणि उपनिष्कर्षाला मात्र ठळकपणे 'त्यामुळे' लावलेले असते. सूचक शब्द म्हणजे रस्त्यावरची पाटी. पाटी पाहावी, पण पाटीवर गाव वसलेले नसते.

पूर्वपक्ष कोणाचा आणि सिद्धान्त कोणाचा

परीक्षांतील बऱ्याच उताऱ्यांची सुरुवात दुसऱ्याच्या मताने होते. 'अनेक नागरिकांना वाटते', 'असे सर्वसाधारणपणे मानले जाते', 'काही तज्ज्ञांच्या मते' अशा शब्दांनंतर जे येते ते लेखकाचे नसते. आपल्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणत आणि त्याचे खंडन करून जे स्थापायचे त्याला सिद्धान्त. न्यायालयाचा निकाल वाचतानाही हेच भान लागते. निकालपत्रात वादीच्या वकिलांचे म्हणणे अनेक परिच्छेद चालते, मग प्रतिवादीचे चालते, आणि नंतर कुठे न्यायालय स्वतः बोलू लागते. वादीच्या वकिलांचे प्रतिपादन न्यायालयाचे मत म्हणून उद्धृत करणारा विद्यार्थी पुढे वकील झाला तर अशिलाचे किती नुकसान करील, याचा विचार केला की विधी शाखेच्या प्रवेश परीक्षा या एका कौशल्याला एवढे वजन का देतात ते कळते.

आता हा उतारा पाहा. 'अनेक नागरिकांना वाटते की चौकात उड्डाणपूल बांधला की तिथली वाहतूक कोंडी कायमची कमी होईल. हे मत बरोबर नाही. रस्ता मोकळा दिसू लागला की आजवर बसने जाणारे काही लोक स्वतःची गाडी बाहेर काढतात, त्यामुळे वाहनांची संख्या वाढते, आणि वाहने वाढली की काही वर्षांत कोंडी पूर्ववत होते.'

निष्कर्ष 'हे मत बरोबर नाही' हा आहे. चार शब्दांचे हे वाक्य इतके लहान आहे की डोळा त्यावरून घसरतो. शिवाय ते एकटे काहीच सांगत नाही. 'हे' म्हणजे काय ते मागच्या वाक्यातून आणावे लागते. पूर्ण केले तर ते असे होते: उड्डाणपूल बांधल्याने त्या चौकातील कोंडी कायमची कमी होईल हे खरे नाही. पर्यायांत हे वाक्य याच शब्दांत येणार नाही, म्हणून ते आधी स्वतः मनात पूर्ण करून ठेवावे लागते.

समजा, पर्याय असे आहेत: एक, उड्डाणपुलामुळे कोंडी वाढते. दोन, शहराने बससेवा सुधारण्यावर खर्च करावा. तीन, रस्ता मोकळा झाला की वाहनांची संख्या वाढते. चार, उड्डाणपुलाने कोंडीची समस्या कायमची सुटेल ही समजूत चुकीची आहे. पहिला पर्याय लेखकाच्या पुढे धावतो. कोंडी 'पूर्ववत' होते असे लेखक म्हणतो, पूर्वीपेक्षा वाढते असे म्हणत नाही. दुसरा पर्याय सुजाण नागरिकाला मनापासून पटेल, मलाही पटतो, पण उताऱ्यात त्याचा मागमूस नाही. तिसरा उताऱ्यात जवळपास शब्दशः आहे, आणि म्हणूनच फसवतो. तो आधार आहे. चौथ्यात उताऱ्याचे शब्द कमी आहेत, पण म्हणणे तेच आहे. 'कायमची' या एका शब्दाची काळजी चौथ्याने घेतली आहे हेही पाहण्यासारखे आहे. 'काही', 'बहुधा', 'केवळ', 'सर्व', 'कायम' अशा शब्दांना मिठासारखे मोजून घ्यावे लागते. चिमूटभर जास्त झाले तरी पर्याय चुकतो.

कारण सांगणे आणि पटवून देणे

'कारण' हा शब्द आला म्हणजे युक्तिवाद आहे असेही नाही. 'यंदा आंब्याला मोहोर उशिरा आला, कारण थंडी उशिरा पडली.' इथे मोहोर उशिरा आला हे बागायतदाराला डोळ्यांनी दिसते आहे, त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. फक्त ते कशामुळे झाले ते सांगितले आहे. हे स्पष्टीकरण झाले. 'यंदा आंबा बाजारात उशिरा येईल, कारण मोहोर उशिरा आला.' इथे पुढे घडणारी, अजून कोणी न पाहिलेली गोष्ट मान्य करायला सांगितले आहे. हा युक्तिवाद झाला. वाक्याची बांधणी दोन्हींची एकच आहे. फरक ओळखायचा तर विचारावे की 'कारण'च्या आधीचे वाक्य ऐकणाऱ्याला आधीच मान्य आहे की त्याबद्दल त्याला शंका असू शकते.

कधी कधी एखादे स्पष्टीकरणच निष्कर्ष असते. नदीतील मासे कमी झाले हे सगळ्यांना मान्य आहे. काही जण म्हणतात प्रदूषणामुळे. लेखक म्हणतो, बंधाऱ्यामुळे, आणि त्यासाठी पुरावे देतो. तिथे 'मासे कमी झाले' हा निष्कर्ष नाही, 'बंधाऱ्यामुळे कमी झाले' हा निष्कर्ष आहे. 'एलसॅट'मध्ये अशा धाटणीचे उतारे वारंवार येतात.

पण युक्तिवादच कच्चा असेल तर?

उड्डाणपुलाचा उतारा वाचून कोणी म्हणेल की हे काही पटत नाही, काही लोक गाडी काढतील म्हणून कोंडी पूर्ववतच होईल हे कशावरून? आक्षेप योग्य आहे. पण निष्कर्ष ओळखताना तो गैरलागू आहे. वकील खटला हरला तरी त्याची मागणी काय होती हे बदलत नाही. आधार दुबळे असले तरी ते ज्यासाठी उभे केले आहेत ते विधान निष्कर्षच राहते.

हा गोंधळ होण्यामागे दुसऱ्या एका प्रश्नप्रकाराचा हात आहे. बँकांच्या आणि राज्य सेवेच्या परीक्षांत 'विधान आणि निष्कर्ष' हा प्रकार अनेक वर्षे चालत आला आहे: विधान खरे माना आणि खालील दोन निष्कर्षांपैकी कोणता निघतो ते सांगा. तिथे निष्कर्ष विधानाच्या बाहेर असतो, आपण तो काढायचा असतो आणि तो आधारांतून अपरिहार्यपणे निघालाच पाहिजे अशी अट असते. मुख्य निष्कर्षाच्या प्रश्नात यातले काहीच नसते. तो उताऱ्यात असतो, लेखकाने आधीच काढलेला असतो आणि तो कदाचित चुकीचाही असतो. मराठीत दोन्ही ठिकाणी 'निष्कर्ष' हाच शब्द वापरला जातो, हे दुर्दैव म्हणावे लागेल. 'यावरून काय निष्पन्न होते' असे विचारले आहे की 'लेखकाचा निष्कर्ष काय आहे' असे विचारले आहे, हे वाचल्याशिवाय उताऱ्याला हात लावू नये.

दोन पर्याय बरोबर वाटतात, मग हा मताचा प्रश्न नाही का?

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'क्लॅट'च्या काही उत्तरांवरून उमेदवार न्यायालयात गेले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. परीक्षकाचे उत्तर नेहमीच निर्दोष असते असे कोणी म्हणू नये. काही प्रश्न खरोखर ढिले असतात.

तरीही मुख्य निष्कर्षाचे प्रश्न या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहेत, कारण त्यांत दोन पर्यायांमध्ये निवाडा करण्याची कसोटी उताऱ्यातच असते. दोन्ही पर्याय घ्यावेत आणि विचारावे की एकाला दुसरा आधार देतो का. देत असेल तर आधार देणारा बाद. दोघांपैकी कोणीच कोणाला आधार देत नसेल, तर बहुधा एक पर्याय पूर्वपक्षातला किंवा उताऱ्याबाहेरचा असतो, आणि तो कोणत्या ओळीवर टेकतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. हे दोन प्रश्न विचारूनही निकाल लागला नाही, असे मी फार क्वचित पाहिले आहे.

परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?

'क्लॅट'मध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो आणि मिनिटाच्या त्या हिशेबात उतारा वाचण्याचा वेळही आला. 'एलसॅट'मध्ये ३५ मिनिटांत सुमारे पंचवीस युक्तिवाद सोडवायचे असतात. तिथे प्रत्येक जोडीत 'म्हणून' घालून पाहणे शक्य नाही, हे खरे आहे. पण ही कसोटी सगळ्या वाक्यांना लावायची नसतेच. पहिल्या वाचनात निष्कर्षाचे दावेदार दोन किंवा तीनच उरतात. कसोटी फक्त त्यांच्यात लावायची. आणि सरावात ती सावकाश, लिहून, वर्तमानपत्राच्या अग्रलेखांवर लावावी, म्हणजे परीक्षेत ती न सांगता लागते.

सराव मराठी अग्रलेखांवर केला आणि परीक्षा इंग्रजीत असली तर उपयोग काय, असेही विचारले जाते. 'क्लॅट' इंग्रजीत होते आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर त्याचा भार पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. ती परीक्षा भारतीय भाषांतही व्हावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. पण शब्द अडणे आणि नाते न दिसणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. ज्या भाषेत शब्द अडत नाहीत त्या भाषेत नाते पाहायची सवय आधी लावली, तर इंग्रजी उताऱ्यात एकाच अडचणीशी झुंजावे लागते.

एक उतारा, अखेरपर्यंत

'ठिबक सिंचनाने पाणी वाचते हे एका एकराच्या हिशेबात खरे आहे. परंतु विहिरींतून किती उपसा करायचा यावर गावाने मर्यादा घातल्याशिवाय, केवळ ठिबकला अनुदान देऊन भूजल पातळी वाढणार नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतात किंवा जास्त पाणी लागणारे पीक घेतात. त्यामुळे गावाचा एकूण उपसा कमी होत नाही, आणि उपसा कमी झाला नाही तर पातळी वर येण्याला कारणच उरत नाही.'

पहिले वाक्य लेखकाने मान्य करून बाजूला ठेवले आहे. ते त्याला पटवायचे नाही. 'परंतु'नंतर सूर बदलतो. तिसऱ्या वाक्यातून 'एकूण उपसा कमी होत नाही' हे निघते आणि त्याला 'त्यामुळे' लावलेले आहे. हाच तो मधला चौक. तिथून वर चढले की दुसरे वाक्य येते, आणि त्याच्यापुढे जिना नाही. निष्कर्ष दुसरे वाक्य.

आता पर्यायांत दोन वाक्ये समोरासमोर येतील. 'गावाने उपशावर मर्यादा घातली की भूजल पातळी वाढेल' आणि 'उपशावर मर्यादा नसेल तर केवळ ठिबकच्या अनुदानाने भूजल पातळी वाढणार नाही'. पहिले वाचायला अधिक आशादायक आहे आणि अनेक जण तेच निवडतात. पण तिकिटाशिवाय एसटीत बसता येत नाही याचा अर्थ तिकीट काढले की बसायला जागा मिळेलच असा होत नाही. मर्यादा आवश्यक आहे एवढेच लेखकाने म्हटले आहे; ती पुरेशी आहे असे तो कुठेही म्हणत नाही, पाऊस कमी पडला तर काय होईल याबद्दल तो एक अक्षर बोललेला नाही. उत्तर दुसरे.

या उताऱ्याशेजारी उड्डाणपुलाचा उतारा ठेवून पाहिला तर दोन्हींचा सांगाडा एकच असल्याचे दिसेल: जे मोकळे झाले किंवा वाचले ते नव्या वापराने भरून निघते, म्हणून अपेक्षित लाभ टिकत नाही. 'एलसॅट'मध्ये नेमके हेच विचारणारे प्रश्न असतात. विषय पूर्ण वेगळे असलेले पाच युक्तिवाद देऊन मूळ युक्तिवादासारखी रचना कोणाची ते ओळखायला सांगतात. पाण्याचा विषय पाहून पाण्याचाच पर्याय शोधणारा तिथे चुकतो, आणि प्रत्येक उताऱ्यात आधी निष्कर्षावर बोट ठेवणाऱ्याला ठिबक आणि उड्डाणपूल शेजारी दिसतात.